विहीणबाईंचा गुत्ता

शनिवार, १४ ऑक्टोबर २००६, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी आणि माझी मुलगी डार्मश्टाटच्या मुख्य स्थानकावर दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. काम एकच होते. मुलीला ज्या मुलाशी लग्न करायचे होते त्याच्या आईला भेटायचे, आणि हो किंवा नाही ते सांगायचे. सोमवारी माझे परतीचे विमान होते.

मुलीने मला अट घातली नव्हती, परिस्थिती सांगितली होती. आदल्या संध्याकाळी फरसबी चिरता चिरता ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी हे लग्न करणार नाही. पण मग दुसरंही करणार नाही. एवढं तुम्हाला माहीत असावं." निविदा उघडताना मी ज्या सुरात बोलत असे, त्याच सुरात ती बोलली. त्यामुळे मला वाद घालता आला नाही.

मुलगा जर्मन आहे ही गोष्ट मी वर्षभरात पचवली होती. तो मुलीच्याच संस्थेत काम करी. दोघेही उपग्रहांच्या कक्षांची गणिते मांडत. तो सभ्य होता, वेळेवर येत होता, आणि बोलताना समोरच्याचे वाक्य पुरे होऊ देत होता. अडचण त्याच्या आईची होती. ती एका जुन्या गावाच्या चौकात गुत्ता चालवीत असे. मुलगी त्याला 'गास्टहाउस' म्हणे. माझी पत्नी 'खाणावळ' म्हणे. गुत्ता हा शब्द माझा.

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात माझी नोकरी झाली. आमच्या टाकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर देशी दारूचे दुकान होते. सकाळी त्याच्या पायरीवर झोपलेली माणसे ओलांडून मी कामावर जात असे, आणि त्यांच्यातल्या काहींच्या बायका दुपारी आमच्या ऑफिसच्या नळावर लोकांची भांडी घासत. दारूच्या धंद्याबद्दल मला याहून अधिक माहिती नव्हती आणि ती करून घ्यावी असे कधी वाटलेही नाही.

पत्नीच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते, म्हणून ती येऊ शकली नाही. निघताना ती म्हणाली, "अहो, तिथे भिंती बघत बसू नका. माणसं बघा." आणि धुतलेल्या रुमालाच्या टोकाला गाठ मारून तिने त्यात एक अख्खी सुपारी बांधून दिली.

"हे कशाला?" मी विचारले.

"असू दे. लागली तर लागेल, नाही तर परत आणा. सुपारी काही नासत नाही."

आमच्याकडे लग्न ठरले की दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर सुपारी फोडतात. फुटली की शब्द फिरत नाही. तो रुमाल मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता आणि मुलीला दाखवला नव्हता.

आणखीही एक गोष्ट मी मनाशी ठरवून निघालो होतो. तिथले पाणीसुद्धा घ्यायचे नाही. माझ्या बहिणीचे सासर शेजारच्या गावात होते. तिला मूल होईपर्यंत वडिलांनी तिथे पाण्याचा घोट घेतला नाही. भर वैशाखात चालत जायचे, ओसरीवर बसून विचारपूस करायची आणि कोरड्या घशाने परत यायचे. दिलेल्या मुलीच्या घरचे घेऊ नये, हे त्यांनी आम्हाला शिकवले नाही. आम्ही ते पाहिले.

गाव लहान होते. चौकाभोवती लाकडी तुळयांच्या चौकटीत मातीच्या भिंती भरलेली उंच घरे होती. वरचे मजले खालच्या मजल्यांच्या पुढे झुकलेले होते. मध्यभागी दगडी कारंजे होते आणि त्याच्या कुंडाला खालून गळती होती. मी ती वाकून पाहिली. मग पत्नीचे शब्द आठवले आणि सरळ झालो.

"इकडे, बाबा," मुलगी म्हणाली.

दार इतके ठेंगणे होते की मान लववावी लागली. आत काळवंडलेल्या फळ्यांच्या भिंती, कोपऱ्यात हिरव्या चकाकत्या फरश्यांनी मढवलेली, खोली तापवायची मोठी शेगडी, तंबाखूचा जुना वास. मी अंधाराची आणि आरड्याओरड्याची तयारी केली होती. खिडक्यांतून चांगले ऊन आत आले होते आणि माणूस एकही नव्हता.

"तुम्ही बसा कुठेतरी. मी आत सांगून येते." मुलगी स्वयंपाकघरात गेली.

शेगडीजवळचे मोठे गोल टेबल मी निवडले. तिथून दार, गल्ला आणि स्वयंपाकघराची खिडकी तिन्ही दिसत होती. पाहणी करायला ती जागा योग्य होती. टेबलाच्या मधोमध पितळेची एक अवजड राखदाणी होती. तिच्यावर कमान, आणि कमानीवर अक्षरे कोरलेली पाटी. करणाऱ्या कारखान्याचे नाव असेल असे मी धरले. राखेचा वास येत होता म्हणून ती उचलून मागच्या खिडकीत ठेवली.

थोड्या वेळाने एक उंच, वाकलेला म्हातारा आत आला. टोपी खुंटीला अडकवली, माझ्याकडे पाहिले, खिडकीतल्या राखदाणीकडे पाहिले. मग टेबलावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केली आणि माझ्या समोर बसला. त्याच्या मागून पाइप ओढणारा दुसरा आला. त्यानेही टकटक केली आणि बसला. तिसरा गोलमटोल होता, त्याला धाप लागली होती. टकटक करून तोही बसला.

सगळी टेबले मोकळी असताना तिघे परके माझ्याच टेबलाला येऊन बसले. आमच्याकडे एसटीतदेखील माणूस आधी मोकळे बाकडे शोधतो. मला ते आवडले नाही. पण मी आधी आलो होतो, त्यामुळे उठण्याचा प्रश्न नव्हता. टकटक कशासाठी ते कळेना. लाकूड भरीव आहे की पोकळ, हे सुतार असेच वाजवून पाहतात. मीही दोनदा वाजवून पाहिले. ओक होते. भरीव होते.

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. उंच म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि त्यानंतर त्यांनी मला आपल्यातलाच धरले.

मुलगी बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली. "बाबा, तुम्ही इथे बसलात?"

"कुठेतरी बसा म्हणालीस."

"कुठेतरी म्हणजे इथे नाही हो. हे श्टामटिश आहे. रोजच्या मंडळींचं टेबल. इथे दुसरं कोणी बसत नाही, महापौर आले तरी विचारून बसतात. त्यावर पाटी असते. पाटी कुठे गेली?"

मी खिडकीकडे बोट दाखवले. तिने डोळे मिटून घेतले.

मी उठलो. उंच म्हाताऱ्याने हात आडवा केला आणि काहीतरी बोलला.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, यांनी टकटक केली आहे. टकटक केल्यावर उठायचं नसतं. ती इथली नमस्काराची पद्धत आहे, बाबा. एकदाच सगळ्यांना."

मी बसलो.

तेवढ्यात मुलाची आई आली. ठेंगणी, पांढरे केस घट्ट बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कमरेला किल्ल्या. नवरा वारल्यापासून हे घर ती एकटी चालवीत होती. तिने ओले हात फडक्याला पुसले, जोडले आणि "नमस्कार" म्हणाली. शिकून ठेवलेला शब्द होता. पण चुकू नये म्हणून जपून उच्चारलेला होता. तिच्या मागून मुलगा आला. "नमस्कार, काका," म्हणाला आणि उभा राहिला. आईने मान हलवल्यावर बसला. हे मला बरे वाटले.

तिने विचारायला सुरुवात केली. मुलगी तिच्या आणि माझ्यामध्ये बसून भाषांतर करीत होती.

"पाणी घेणार का?"

"नको."

"कॉफी?"

"नको."

"ताजा सफरचंदाचा रस आहे, बाबा. आजच गाळलाय. दारू नाही त्यात, नुसता रस."

"नको."

"सूप? त्यात मांस नाही, असं त्या मुद्दाम सांगतायत."

"नको, म्हणून सांग. आभार म्हण."

आमच्याकडे तीनदा नको म्हटल्याशिवाय नकार कोणी मनावर घेत नाही. इथे आग्रहाची पद्धत नव्हती. माझा प्रत्येक नकार जसाच्या तसा स्वीकारला गेला. बाईंनी मान हलवली आणि गल्ल्याकडे गेल्या. मुलीने तिच्यापुढे आलेला पाण्याचा पेला न पिता हातभर लांब सरकवून ठेवला. तिचा चेहरा मी पाहिला, पण करण्यासारखे काही नव्हते.

मी माणसे पाहू लागलो. बाईंनी निळ्या नक्षीच्या राखाडी सुरईतून तिघांना सफरचंदाची वाइन ओतून दिली. कोणी ओरडत नव्हते. पाइपवाल्याला ऐकू कमी येत होते, म्हणून उंच म्हातारा त्याला वर्तमानपत्रातले मथळे मोठ्याने वाचून दाखवीत होता आणि पाइपवाला प्रत्येक मथळ्यावर नापसंतीने डोके हलवीत होता. गोलमटोल गृहस्थाने पेला संपवला, दुसराही संपवला आणि तिसऱ्यांदा वर धरला. बाईंनी त्याच्याकडे न बघता पेला काढून घेतला आणि त्या जागी सुपाचा वाडगा आणि पाव ठेवला.

तो काहीतरी पुटपुटला. टेबल हसले.

"काय म्हणाला?"

मुलगीही हसत होती. "म्हणतात, घरी एक होती, ती गेली तर इथे दुसरी बसली आहे."

बाई गल्ल्यामागून काहीतरी म्हणाल्या. या वेळी कोणी हसले नाही. गोलमटोल गृहस्थ मुकाट्याने पाव मोडून सुपात बुडवू लागला.

"आणि त्या?"

"त्या म्हणाल्या, घरी होती तिनंच मला जाताना सांगून ठेवलंय."

दारूच्या दुकानात दारू नाकारली जाते, हे मी प्रथमच पाहिले. नाकारलेला माणूस सूप पितो, हेही.

पण जे विचारायला आलो ते विचारणे भाग होते. बाई परत आल्यावर मी मुलीला म्हणालो, "विचार यांना, माझी मुलगी इथे दारू वाढणार का?"

"बाबा, हे मी नाही विचारणार."

"भाषांतर कर. संपादन नको."

तिने टेबलाकडे पाहत प्रश्न सांगितला. बाईंनी लांबलचक उत्तर दिले. उंच म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली केले. मुलगी लाल झाली.

"पुढे?"

"त्या म्हणतात, नाही."

"एवढं मोठं नाही?"

"हो, म्हणजे... उन्हाळ्यात एकदा गर्दी होती, तेव्हा मी मदत केली होती. बिअरच्या नळावर. मला नाही जमलं. नुसता फेस येत होता. लोक म्हणाले, ही पोरगी आकाशातलं मोजते, हिला पेल्यातलं मोजता येत नाही."

उंच म्हाताऱ्याला विषय कळला असावा. त्याने पेल्यावर चार बोटे उभी धरून फेसाची उंची मला दाखवली.

"त्या म्हणतात, मी तिला पुन्हा नळाजवळ उभी करणार नाही. धंदा बसेल."

मी हसलो नाही. उत्तर मात्र समाधानकारक होते.

आता विचारण्याची पाळी बाईंची होती. त्यांनी उभ्याउभ्याच फडके खांद्यावर टाकले आणि मुलीशी बोलल्या.

"त्या विचारतायत, तुम्ही इथलं काहीच का घेत नाही? घर पसंत नाही का?"

"घराचा प्रश्न नाही. रीत आहे." मी तिला रीत सांगितली. आजोबांचे आणि आत्याच्या सासरचे सांगितले. ओसरीचे सांगितले.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "हे तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"सांगायची गोष्ट नाही ती. पाळायची आहे."

तिने ते सगळे जर्मनमध्ये सांगितले. वेळ लागला. बाईंनी शेवटपर्यंत ऐकले, मध्ये एकदा काहीतरी नीट विचारून घेतले, मग थोडा विचार केला आणि एकच वाक्य बोलल्या. मुलगा खाली बघू लागला. तो हसू आवरत होता. मुलीने भाषांतर केले नाही.

"काय म्हणाल्या?"

"बाबा..."

"भाषांतर."

"त्या म्हणतात, म्हणजे हे घर तिचं सासर आहे, असं तुम्ही धरूनच चालला आहात. घरून निघतानाच."

मी उत्तर शोधले. कंत्राटदाराच्या मांडणीतली चूक मी बसल्या जागी काढत असे. या मांडणीत चूक नव्हती. हे सासर नसेल, तर पाणी नाकारायला मला कारण नव्हते. कारण असेल, तर मी उत्तर देऊन मोकळा झालो होतो. पत्नीने रुमालाला गाठ मारली तेव्हाच तिला हे दिसले होते की काय, कोण जाणे.

उंच म्हाताऱ्याने मुलाला काय चालले आहे ते विचारले. मुलाने सांगितले. उंच म्हाताऱ्याने ते पाइपवाल्याच्या कानात मोठ्याने सांगितले, त्यामुळे सगळ्या खोलीला कळले. तिघे माझ्याकडे बघू लागले. पेला उचला नाही तर मुलगी द्या, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते.

मी काही बोलण्याआधी बाईंनी टेबलावर दोनदा टकटक केली, उंच म्हाताऱ्याने मान हलवल्यावर खुर्ची ओढली आणि त्या दिवशी प्रथमच बसल्या. आवाज खाली आणून, स्वतःच्या हातांकडे बघत बोलल्या. मुलाचे हसू गेले.

मुलीने हळू सांगितले. "त्या विचारतात, तुम्ही माझ्या मुलाला घेऊन जाणार का? म्हणतात, मला हा एकच आहे. हिला परत जायचं असेल तर तो हिच्यामागून जाईल, मला माहीत आहे. त्याला मी विचारत नाही. तो मला बरं वाटेल तेच सांगेल. म्हणून तुम्हाला विचारते."

मी निकाल द्यायला आलो होतो. समोरची बाई माझ्या निकालाला भीत नव्हती. ती सकाळपासून, कदाचित वर्षभर, दुसरीच गोष्ट मनात धरून पेले पुसत होती. तिचे हात लाल होते, सुरकुतलेले होते आणि एकमेकांत घट्ट धरलेले होते. माझी मुलगी शिकायला म्हणून निघाली तेव्हा विमानतळाच्या काचेबाहेर माझ्या पत्नीने आपले हात असेच धरले होते.

"सांग त्यांना," मी म्हणालो, "आमच्यात घरजावई करत नाहीत."

"याला जर्मनमध्ये काय म्हणू?"

"समजावून सांग. मुलगी मुलाच्या घरी जाते. मुलगा मुलीच्या घरी राहायला येत नाही. आला तरी आम्ही ठेवून घेत नाही."

तिने समजावले. बाईंनी श्वास सोडला. "गूट," त्या म्हणाल्या.

"आणि हेही सांग. वर्षातून एकदा दोघांना पाठवायचं. दिवाळीला."

मुलीने ते लगेच सांगितले नाही. मी काय बोललो ते तिला कळले होते. ती खाली बघत राहिली. तिने डोळे पुसले नाहीत, ते बरे केले. पुसले असते तर मला खिडकीकडे बघावे लागले असते.

मी खिशातून रुमाल काढला आणि गाठ सोडली. सुपारी टेबलावर ठेवली.

"आईनं दिली?" मुलगी म्हणाली.

"अडकित्ता नाही. इथे काय आहे ते विचार."

तिने सुपारीचा अर्थ सांगितला. मुलगा आत गेला आणि लाकडाचा एक मोठा हातोडा घेऊन आला. पिंपाला तोटी ठोकून बसवायचा हातोडा होता. सोबत बिअरच्या नळाखालची जाड फळी आणली. मी उठलो, सुपारी फळीवर ठेवली आणि घाव घातला. सुपारी निसटली, शेगडीवर आपटली आणि कुठेतरी गेली.

तिघे म्हातारे ताबडतोब कामाला लागले. गोलमटोल गृहस्थ टेबलाखाली शिरला आणि तिथून सूचना देऊ लागला. उंच माणूस बाकाखाली काठी फिरवीत होता. पाइपवाला जागेवरून हलला नाही. त्याने पाय उचलला, बुटाखाली पाहिले आणि सुपारी उचलून माझ्या हातात दिली.

या वेळी मी सुपारी रुमालात गुंडाळली आणि फळीवर दोन बोटांनी धरली. हातोडा बाईंच्या पुढे केला. दोन्हीकडचा हात लागलेला बरा, आणि त्यांचा हात त्या हातोड्यावर बसलेला होता.

"बोटं काढा म्हणतायत," मुलगी म्हणाली.

"काढली तर पुन्हा उडेल. मारू दे."

बाईंनी एकदा माझ्या बोटांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग एकच घाव घातला. माझ्या बोटांना धक्कासुद्धा लागला नाही. रुमाल उघडला. सुपारीचे तुकडे झाले होते.

मी एक तुकडा त्यांना दिला, एक मुलाला, एक मुलीला. टेबलावरच्या मंडळींनाही दिले, कारण ते साक्षीला होते. खायचे कसे, असे गोलमटोल गृहस्थाने विचारले. मुलीने चघळायचे म्हणून सांगितले.

"म्हणतात, दात माझे नाहीत, डॉक्टरांचे आहेत," मुलगी म्हणाली. त्याने तुकडा कागदी रुमालात गुंडाळून जाकिटाच्या खिशात ठेवला.

मुलाने माझ्या पायांना हात लावला. कोणी तरी शिकवले असणार. पद्धत अर्धी बरोबर होती. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस ओले होते. आम्ही येण्याच्या जरा आधी घाईत अंघोळ केली असावी.

बाई आत गेल्या आणि सवयीने सुपाचा वाडगा घेऊन माझ्याकडे आल्या. अर्ध्या वाटेवर त्यांना आठवले. आता तर सासर ठरलेलेच होते. त्या वाडगा धरून तशाच उभ्या राहिल्या. दुपारचा एक वाजून गेला होता. मला भूक लागली होती.

उंच म्हाताऱ्याने टेबलावर टकटक केली आणि सावकाश, एकेक वाक्य मुलीला सांगत गेला.

"ते म्हणतात, घर या बाईंचं आहे. पण हे टेबल आमचं आहे. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासून. त्यासुद्धा इथे विचारून बसतात, तुम्ही आताच पाहिलंत. म्हणतात, तुम्ही त्यांच्याकडे जेवत नाही. आमच्याकडे जेवताय."

मी मुद्दा तपासून पाहिला. बाईंनी खरोखरच विचारून खुर्ची घेतली होती. मुद्दा ग्राह्य होता.

"ठीक आहे," मी म्हणालो. उंच म्हाताऱ्याने बाईंच्या हातातून वाडगा घेतला आणि स्वतःच्या हाताने माझ्यापुढे ठेवला, म्हणजे पुढे शंका राहू नये.

सूप बटाट्याचे होते, दाट, वर कसली तरी हिरवी पाने. मीठ बेताचे होते. सोबत आलेला सफरचंदाचा रस गढूळ होता, उसाच्या रसासारखा, आणि तितकाच गोड. मी निम्मा वाडगा संपवल्यावर मुलगी माझ्या बाजूला झुकून म्हणाली, "बाबा, त्यांनी काल नवीन पातेलं आणलं. जुन्यात सॉसेज शिजवतात म्हणून."

मी आणखी थोडे सूप मागून घेतले.

निघताना बाई दारापर्यंत आल्या. आमच्यात बोलण्यासारखे काही उरले नव्हते आणि भाषाही नव्हती. मी परत वळून शेगडीजवळच्या टेबलाशी गेलो, खिडकीतली पितळी राखदाणी उचलून तिच्या जागी ठेवली आणि दोनदा टकटक केली. तिघांनीही केली. पाइपवाल्याने सगळ्यांत मोठ्याने केली.

गाडीत मुलगी माझ्या शेजारी बसली. समोरची जागा रिकामी होती तरी. दोन स्थानके गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, थँक यू."

"तिकीट हातात ठेव. तपासनीस येईल."

तिने तिकीट हातात ठेवले, दुसऱ्या हाताने माझी बाही धरली आणि डार्मश्टाट येईपर्यंत सोडली नाही. लहानपणी बाजाराच्या दिवशी ती असेच करी.

मुलीच्या घरी पोचल्यावर मी पत्नीला फोन लावला. तिकडे जेवणे आटोपली होती.

"फोडली का?" तिने आधी तेच विचारले.

"फुटली."

"कोणी फोडली?"

"विहीणबाईंनी."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"धरली."

ती म्हणाली, "तिथं पाणी तरी घेतलंत का, की बसलात तसेच?"

"जेवलो. टेबल वेगळं होतं."

"म्हणजे काय?"

"आल्यावर सांगतो."

"बरं, आता लोक विचारतील, मुलाकडचे काय करतात. मी खाणावळ आहे म्हणून सांगते."

"गुत्ता सांग."

"अहो, असं कसं सांगू?"

"गुत्ता आहे तर गुत्ताच सांग. चांगला चालवतात, म्हणून सांग."

मुलगी स्वयंपाकघरात भात लावीत होती. कुकरच्या आवाजात तिला ऐकू गेले असावे असे वाटत नाही.

कोट काढताना वास आला. फळी नळाखालची होती, ओली होती, आणि रुमालाने तिच्यावरची बिअर शोषून घेतली होती. आयुष्यात कधी दारूला न शिवलेल्या माणसाच्या खिशाला गुत्त्याचा वास येत होता. पत्नीच्या वाटणीचा तुकडा मी दाढीच्या सामानाच्या डबीत ठेवला. मग रुमाल साबण लावून धुतला. वास राहिला होता, म्हणून पुन्हा धुतला, पिळला आणि न्हाणीघरातल्या हीटरवर वाळत घातला.